नवा मासा चार आठवडे वेगळा का ठेवायचा?

दुकानातून आणलेला मासा पिशवीत झकास दिसतो. पर ताठ, रंग उजळ, जाळं जवळ नेलं की चपळाईने पळणारा. घरच्या टाकीत सोडल्यावर दोन-चार दिवस काहीच होत नाही. मग एके सकाळी एखाद्या जुन्या माशाच्या शेपटीवर मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसतो, दोन दिवसांनी तसे वीस दिसतात, आणि पुढच्या आठवड्यात वर्षानुवर्षं जपलेले मासे एकामागून एक तळाशी जातात. घरात कोणी पाण्याला दोष देतं, कोणी खाद्याला, कोणी नजर लागली म्हणतं. बहुतेक वेळा रोग नव्या माशाबरोबरच घरात आलेला असतो. आठ दिवसांपूर्वी तो कोणाच्याही डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हता, एवढंच.

नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवावा, क्वारंटाइन करावा, हे मासे पाळणाऱ्या बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. तरी ते होत नाही, कारण किती दिवस आणि कशासाठी, हे कोणी नीट सांगत नाही. कोणी म्हणतं तीन दिवस, कोणी म्हणतं आठवडा. मासा बरा दिसला की सोडून दिला जातो. पण हे दिवस माशाकडे बघून ठरतच नाहीत. माशाच्या अंगावर जो परजीवी बसलेला असेल, त्याला जन्मापासून पुढच्या पिढीपर्यंत जायला किती वेळ लागतो, त्यावरून ते ठरतात.

भारतात विकले जाणारे शोभेचे मासे मोठ्या प्रमाणावर चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याच्या आसपास पैदा होतात. तिथून ते मुंबईत कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारात येतात आणि रात्रीच्या गाडीने चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी गाठतात. दर टप्प्यावर नवी टाकी, नवं पाणी, नवे शेजारी, आणि सगळ्या टाक्यांत फिरणारं एकच जाळं. गावच्या दुकानात मासा दोन-चार दिवसच राहतो. दुकानदार ‘मासा चांगला आहे, दादा’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्यालाही तेवढंच दिसलेलं असतं.

एवढ्या प्रवासात माशाच्या अंगातलं ताणाचं संप्रेरक वाढतं आणि प्रतिकारशक्ती खाली जाते. आधीपासून अंगावर असलेले दोन-चार परजीवी, जे एरवी वाढले नसते, ते आता फोफावतात. आणखी एक गोष्ट. आपल्या टाकीतल्या जुन्या माशांना आपल्या टाकीतल्या जंतूंची सवय झालेली असते, नव्याला त्याच्या जंतूंची. दोघांची गाठ पडली की दोघांनाही अनोळखी रोगाला तोंड द्यावं लागतं. म्हणून कधीकधी नवा मासा ठणठणीत राहतो आणि जुने मरतात, तर कधी नेमकं उलटं होतं.

पांढऱ्या ठिपक्यांचं गणित

गोड्या पाण्यात सगळ्यात जास्त भेटणारा रोग म्हणजे पांढरे ठिपके. मासेवाले त्याला इक म्हणतात. तो करणाऱ्या एकपेशीय जिवाचं शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. याचं आयुष्य समजून घेतलं तर क्वारंटाइनचं अर्धं शास्त्र हाती येतं, म्हणून इथे जरा थांबू.

हा जीव माशाच्या कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली घुसून बसतो आणि तिथे पोसला जातो. जो पांढरा ठिपका आपल्याला दिसतो, तो म्हणजे कातडीखाली वाढलेला एक परजीवी. पुरेसा मोठा झाला की तो मासा सोडतो, तळाला किंवा एखाद्या पानाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. ठिपके गेले, मासा बरा झाला, असं आपल्याला नेमकं याच वेळी वाटतं. कवचाच्या आत मात्र तो दोनाचे चार, चाराचे आठ करत शेकड्यांनी वाढतो, कधी हजारापर्यंत जातो. कवच फुटलं की ही सगळी पिल्लं पाण्यात पोहू लागतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत. कातडीखाली औषध पोचत नाही, कवचातही शिरत नाही. एकदा औषध टाकून भागत नाही ते यामुळेच. ठिपके दिसेनासे झाल्यावरही औषध चालू ठेवावं लागतं, म्हणजे नंतर फुटणारी कवचंही त्यात सापडतात.

हे चक्र किती दिवसांचं, ते पाण्याच्या तापमानावर ठरतं. २८ अंश सेल्सिअसला ते चार-पाच दिवसांत पुरं होतं. पाणी १५ अंशांवर आलं तर त्यालाच दोन आठवडे आणि अधिकही लागतात. मालवणात मे महिन्यात घरातलं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं. तिथे सगळं भराभर घडतं, आणि इकच्या बऱ्याच प्रकारांना ३० अंशांच्या वर वाढताच येत नाही. दापोलीच्या जानेवारीत हीटर नसलेल्या टाकीत मात्र हाच परजीवी सावकाश चालतो. तिथे पंधरा दिवस काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होणं धोक्याचं. थंडीत हीटर लावून पाणी २७-२८ अंशांवर ठेवा, नाहीतर मुदत वाढवा.

आता हिशोब करू. मासा आला तेव्हा त्याच्या कल्ल्यांत दोन-तीनच परजीवी होते, बाहेरून एकही ठिपका नव्हता. पहिली फेरी पाच दिवसांत झाली, तेव्हा अंगावर थोडे आले, तेही नजरेतून सुटण्यासारखे. दुसऱ्या फेरीनंतर, म्हणजे दहा-बारा दिवसांनी, मासा ठिपक्यांनी भरला. आठवडाभर वेगळा ठेवून तो मोठ्या टाकीत सोडला असता, तर आपण हा रोग स्वतःच्या हाताने तिथे नेला असता. इकसाठी दोन आठवडे ही कमीत कमी मुदत आहे.

उरलेले दोन आठवडे इतरांसाठी लागतात. कल्ल्यांवर बसणारे चपटे कृमी अंडी घालतात, ती अंडी औषधाला दाद देत नाहीत आणि काही दिवसांनी फुटतात. गप्पी, मॉली, प्लॅटी यांच्या आतड्यात कॅमॅलॅनस नावाचे लाल कृमी असतात, ते गुदद्वारातून लाल धाग्यांसारखे बाहेर डोकावेपर्यंत कितीतरी आठवडे जाऊ शकतात. कोई आणि गोल्डफिशच्या अंगावर नांगर-कृमी आणि माशांच्या उवा येतात, त्या नीट बघितलं तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. तोंडाभोवती कापसासारखं पांढरं धरणारा कॉलम्नारिस याच्या उलट फार वेगवान. प्रवासाने थकलेला मासा तो पहिल्या आठवड्यातच गाठतो, आणि गरम पाण्यात एक-दोन दिवसांत मारूही शकतो. तो बुरशी वाटतो, पण असतो जिवाणू. इक समजून पाणी तापवलं तर कॉलम्नारिसला आयतं रान मिळतं. पांढरं काही दिसलं की ते सुटे ठिपके आहेत की कापसाचा थर, हे आधी बघा.

टाकी कशी असावी

क्वारंटाइनची टाकी महाग असण्याची गरज नाही. लहान माशांसाठी ४० ते ६० लिटरची काचेची टाकी किंवा पारदर्शक प्लास्टिकचा डबा पुरतो. आपल्याकडे बंदरावर थर्मोकोलची खोकी सहज मिळतात आणि ती पाणी एकसारख्या तापमानाला ठेवतात हे खरं, पण बाजूने मासा दिसत नाही. जिथे बघणं हेच काम आहे, तिथे ती सोय कामाची नाही. तळाला वाळू घालू नका, तळ उघडा ठेवला की विष्ठा आणि उरलेलं खाद्य दिसतं आणि काढता येतं. माशाला लपायला प्लंबरकडचे पीव्हीसी पाइपचे तुकडे द्या. आडोसा नसला की मासा घाबराच राहतो, आणि घाबरा मासा आजारी पडतो. वर झाकण हवंच.

फिल्टर साधा स्पंजचा, हवेच्या पंपावर चालणारा. हा स्पंज मासे आणायच्या तीन-चार आठवडे आधी मोठ्या टाकीत टाकून ठेवा. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो, तो विषारी असतो. स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असतं. कोऱ्या स्पंजवर हे जिवाणू नसतात. क्वारंटाइनमध्ये मेलेल्या माशांपैकी किती रोगाने गेले आणि किती अमोनियाने, हा प्रश्न मला नेहमी पडतो, कारण अमोनियाने मेलेला मासा माणसांना रोगानेच मेलेला वाटतो. मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो, कल्ले लाल होतात, पर मिटतात. अमोनिया तपासायचं किट घ्या. महागडं खाद्य आणि रंगीत दगड यांच्याआधी त्यावर पैसे खर्च करा.

कोकणच्या पाण्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. अमोनियाचा विषारी भाग पाण्याच्या पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर ठरतो; हा आकडा जितका खाली, तितकं पाणी आम्लधर्मी. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शंभरातला एकही भाग विषारी नसतो, पीएच ८ झाला की तोच सहा-सात होतो. म्हणजे आपलं पाणी माशाला थोडं संरक्षण देतं. पण मऊ पाण्यात पीएच सांभाळणारे क्षार कमी असल्याने तो घसरतही जातो, आणि सहाच्या खाली गेला की स्पंजवरचे जिवाणू काम जवळजवळ थांबवतात. अमोनिया साठत राहतो, पण विषारी रूपात नसल्याने मासा शांत असतो. अशा वेळी कोणी एकदम निम्मं पाणी बदललं आणि पीएच वर चढला, तर साठलेला अमोनिया एका तासात विषारी होतो. यावर उपाय घरातच आहे. कालवण झाल्यावर उरलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या स्वच्छ घासून, उकळून, फिल्टरजवळ जाळीत ठेवा. त्यांतला कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळतो आणि पीएच घसरू देत नाही. हे पहिल्या दिवसापासून करा, अमोनिया साठल्यावर नाही. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मात्र मचूळ असतं, तिथे आधी तपासून घ्या.

दुसरी गोष्ट टीसीएल पावडरची, म्हणजे पाणी निर्जंतुक करणाऱ्या ब्लीचिंग पावडरची. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते. माणसांसाठी ते हवंच, पण त्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि स्पंजवरचे जिवाणूही मारतो. त्या दिवसांत पाणी थेट टाकीत ओतू नका. दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारं औषध प्रमाणात टाका, किंवा पाणी पसरट टपात हवा सोडून दिवसभर ठेवा.

पावसाळ्याचा अजून एक त्रास आहे. जाळं, बादली, सायफनची नळी उन्हात कडक वाळवली तर त्यांवरचे बहुतेक परजीवी मरतात. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे काही वाळतच नाही. म्हणून क्वारंटाइनचं सामान पूर्ण वेगळं ठेवा आणि त्याला रंगीत चिंधी बांधा, म्हणजे घरातलं दुसरं कोणीही चुकून उचलणार नाही. रोज आधी मोठ्या टाकीचं काम करा, मग क्वारंटाइनचं, आणि मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. दोन्ही टाक्या शेजारी शेजारी नकोत. हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांवरूनही इकची पिल्लं पलीकडे जाऊ शकतात. जमलं तर दुसऱ्या खोलीत, नाहीतर निदान पडवीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आणि वीज. वादळात लाईट आठ-दहा तास गेली तर हवेविना लहान टाकी आधी गुदमरते. बॅटरीवर चालणारा एक पंप घरात असू द्या.

पिशवी उघडताना

रात्रभर प्रवास केलेल्या पिशवीत माशाने सोडलेला अमोनिया साठलेला असतो. पण त्याच पिशवीत कार्बन डायऑक्साइडही साठतो, त्याने पीएच खाली येतो आणि अमोनिया निरुपद्रवी राहतो. आपण पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि मासा एकाएकी विषात सापडतो. त्यामुळे लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसणं, हा बऱ्याच जणांनी सांगितलेला उपाय, इथे उलटा पडतो. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, तापमान सारखं होऊ द्या, मग उघडून मासे लगेच जाळ्याने क्वारंटाइनमध्ये घ्या. टाकीच्या पाण्याचा पीएच दुकानातल्या पाण्याच्या जवळपास आधीच आणलेला असावा. मासा जवळच्याच दुकानातून अर्ध्या तासात आणला असेल तर सावकाश मिसळायला हरकत नाही. पिशवीतलं पाणी मात्र कोणत्याही टाकीत ओतू नका.

पहिल्या दिवशी खाद्य देऊ नका, दिवा बंद ठेवा. दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर द्या, आणि मासा खातोय का ते उभं राहून बघा. क्वारंटाइनचं खरं काम हेच बघणं आहे. सकाळी दिवा लावल्याबरोबर ठिपके सगळ्यात चांगले दिसतात. अंग पाइपला घासतोय का, एकच कल्ला हलतोय का, श्वास भराभर चाललाय का, पोट आत गेलंय का, विष्ठा पांढरी आणि तंतूसारखी आहे का, हे बघा. एका वहीत दोन ओळी लिहून ठेवा, कारण पंधरा दिवसांपूर्वी काय होतं ते आठवत नाही.

औषधाबद्दल माझं मत ठाम आहे. काहीही दिसत नसताना प्रतिजैविकं टाकू नयेत. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पाण्यात रिकामी करण्याची पद्धत बरीच पसरली आहे. त्याने रोग दबतो, स्पंजवरच्या जिवाणूंना धक्का बसतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. इक दिसला तर मॅलाकाइट ग्रीनचं तयार औषध बाटलीवरच्या प्रमाणात वापरा. खवले नसलेल्या माशांना आणि लोचसारख्यांना ते जास्त झोंबतं, त्यांना प्रमाण कमी लागतं. साधं जाडं मीठही चालतं, लिटरला एक ते तीन ग्रॅम, एकदम न टाकता दोन दिवसांत वाढवत न्यायचं. मिठाचा दुसरा फायदा असा की त्यातला क्लोराइड नायट्राइटला माशाच्या रक्तात शिरू देत नाही. कल्ल्यांच्या कृमींवर प्राझिक्वान्टेल, आतड्यातल्या लाल कृमींवर लेव्हामिसोल. लेव्हामिसोल शेळ्या-कोंबड्यांच्या जंतांसाठी वापरतात, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकाला ते माहीत असतं. प्रमाण त्यांनाच विचारा. यातलं प्रत्येक औषध काही दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं.

मध्येच आणखी एखादा मासा आवडला आणि क्वारंटाइनमध्ये टाकला, तर सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. यात सूट नाही.

शेवटच्या आठवड्यात मोठ्या टाकीतला एक धडधाकट मासा क्वारंटाइनमध्ये आणून ठेवण्याची पद्धत आहे. नवे मासे स्वतः आजारी न पडता रोग बाळगून असतील तर तो या जुन्या माशावर दिसतो. एका माशाला धोक्यात घालणं मनाला लागतं. पण पन्नास मासे असलेल्या टाकीसाठी मी ते करायला सांगेन, दोन-चार माशांच्या टाकीसाठी नाही.

काही पाहुणे विसरले जातात. डास मारण्यासाठी आरोग्य केंद्रातून मिळणारे किंवा विहिरीतले गप्पी मासे मुलं हौसेने घरच्या टाकीत टाकतात. त्यांनाही चार आठवडे. वहाळातून, पऱ्यातून पकडलेले मासे सगळ्यात जास्त परजीवी घेऊन येतात, त्यांना सहा आठवडे ठेवा आणि कृमींचं औषध द्याच. पाणवनस्पती आणि गोगलगायींवरही इकची कवचं चिकटून येतात. त्यांना मासे नसलेल्या बादलीत दोन आठवडे ठेवलं की पिल्लं मासा न मिळाल्याने मरतात.

खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर हिशोब बदलतो. तिथला पांढरा ठिपका वेगळ्या जिवाचा, क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्सचा. त्याची कवचं ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. म्हणून खाऱ्या पाण्याचे जाणकार रोग आलेली टाकी ७६ दिवस माशांविना ठेवतात. समुद्राकाठी राहतो म्हणून खडकातल्या डबक्यांतून मासे उचलून आणण्याचा मोह होतो, पण मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. तिथले मासे तिथेच राहू द्या.

हाताला कापलेलं असेल तर टाकीत हात घालू नका. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जिवाणू माशांकडून माणसाच्या जखमेत येतो आणि बोटावर आठवडेच्या आठवडे न भरणारी गाठ करतो. अशी गाठ झाली तर डॉक्टरांना घरात मासे आहेत हे आवर्जून सांगा, नाहीतर निदान लांबतं. मेलेला मासा वहाळात टाकू नका, पुरा. क्वारंटाइनचं पाणी विहिरीपासून दूर माडाच्या आळ्यात चालेल, पण मॅलाकाइट ग्रीन घातलेलं पाणी अळू-भाजीला देऊ नका. आणि नकोसा झालेला जिवंत मासा नदीत कधीही सोडू नका. आपल्या टाकीतला रोग तिथे गेला तर त्याला औषध देणारं कोणी नसतं.

अडचण आली तर रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. मेलेला मासा तपासायला न्यायचा असेल तर बर्फात ठेवून, फ्रीझरमध्ये न गोठवता, शक्य तितक्या लवकर न्या. गोठवल्यावर परजीवी ओळखणं कठीण होतं.

गणपतीत घरी पाहुणे येतात, टाकी सजवायची असते, आणि चतुर्थीच्या दोन दिवस आधी मुंबईहून येणारा भाऊ पिशवीत मासे घेऊन उतरतो. त्याला आत्ताच फोन करून सांगा, मासे श्रावणाच्या सुरुवातीला पाठव. आणि तो फोन ठेवल्यावर लगेच स्पंज मोठ्या टाकीत टाका.